लॉनवाले, स्प्रिंकलरवाले आणि आमची महागडी हरळी (फ्रिस्को, टेक्सस)

फ्रिस्कोत घर घेऊन आम्हाला तीन वर्षं झाली, आणि तेवढ्यात लॉनच्या दोन सर्व्हिसेस वापरून झाल्या. आधी एक मोठी कंपनी होती, आता दीड वर्षापासून एक एकटा माणूस येतो मुलाला बरोबर घेऊन. नावं कोणाचीच लिहीत नाहीये, एकाशी भांडण झालंय आणि दुसऱ्याचं काम आधीच इतकं भरलेलं असतं की नाव सांगितलं तर माझाच नंबर मागे जायचा. पण मंडळात नवीन घर घेतलेलं कोणी भेटलं की तेच तेच प्रश्न विचारतं, सर्व्हिस लावायची का, पाणी किती मिनिटं, औषध मुलांना चालतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

तर मोठी कंपनी. दारावर आलेला मुलगा गोड बोलला आणि नवऱ्याने टॅबवर सही केली. वर्षाला सात ट्रीटमेंट (औषधाचे फवारे), प्रत्येकी ६८ डॉलर, मोईंग म्हणजे गवत कापणं वेगळं, ४५ डॉलर एका वेळचे. पहिल्या फेब्रुवारीत त्यांनी वेळेवर प्री-इमर्जंट मारलं हे मान्य करायला पाहिजे, कारण ते औषध उगवलेल्या तणावर काही करत नाही, बी रुजतानाच अडवतं, आणि इथे जमीन साधारण ५५ फॅरनहाइटला पोचली की क्रॅबग्रास नावाचं तण रुजायला लागतं. एप्रिलमध्ये मारून घेतलंत तर त्या वर्षीच्या क्रॅबग्रासच्या बाबतीत पैसे बऱ्यापैकी पाण्यात. तेवढं एक काम त्यांनी चोख केलं.

मग जूनमध्ये ड्राइव्हवेच्या कडेला एक पॅच पिवळा पडला. जुलैत तपकिरी झाला आणि सतरंजीएवढा पसरला. कंपनीचा माणूस आला, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाला ग्रब्ज (मुळं खाणाऱ्या अळ्या) आहेत, एक्स्ट्रा ट्रीटमेंट, ८५ डॉलर. तीन आठवड्यांनी दुसराच माणूस आला, म्हणाला फंगस आहे, दोन फवारे मारावे लागतील, प्रत्येकी ९० डॉलर. मारले. पॅच तसाच, वर एचओएचं (कॉलनीतल्या घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलं की तुमचं लॉन नीट ठेवा.

त्याच सुमाराला सासरे सांगलीहून आले होते. जन्मभर शेती केलेला माणूस, पहिल्याच सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर गेले आणि आत येऊन मला म्हणाले, "अगं ही तर हरळी! आमच्याकडं ही काढायला मजूर लावायला लागत्यात आणि तुम्ही पैसे देऊन वाढवताय व्हय?" मला वाटलं चेष्टा करतायत. शोधलं तर खरंच, इथली बर्म्युडा ग्रास म्हणजे आपली हरळी, आपली दूर्वा, शास्त्रीय नावसुद्धा एकच. सॉडचे (तयार गवताच्या पट्ट्यांचे) हजारो डॉलर मोजून आम्ही हरळी लावून घेतली होती! मग ते त्या पॅचपाशी उकिडवे बसले, गॅरेजमधला लांब स्क्रूड्रायव्हर मागितला आणि जमिनीत खुपसायला लागले. हिरव्या भागात सहा इंच सहज गेला, पॅचमध्ये एक इंचही जाईना. "हितं पाणीच पोचलं न्हाई, औषध मारून काय करतंय ते?"

संध्याकाळी आम्ही स्प्रिंकलरचा तो झोन (एकत्र चालणाऱ्या फवाऱ्यांचा भाग) चालू करून बघितला तर कडेचं हेड, म्हणजे पाणी उडवणारं तोंड, कशाचा तरी धक्का लागून पूर्ण फिरलेलं, सगळं पाणी ड्राइव्हवेवर. २६५ डॉलरची औषधं मारून झाली होती आणि स्प्रिंकलर चालू करून बघायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही. ग्रब्ज असते तर ते गवत मुठीत धरून ओढल्यावर चटईसारखं उचललं गेलं असतं, मुळंच खाल्लेली असतात ना, हेही मला नंतर कळलं. कंपनीच्या दोघांपैकी एकानेही वाकून गवत ओढून बघितलं नव्हतं. म्हणून कोणी विचारलं की पॅच पडलाय, कोणतं औषध मारू, तर माझं एकच उत्तर असतं, आधी झोन चालू कर आणि समोर उभी राहून बघ.

हेड आम्हीच सरळ केलं. पण तेव्हा लक्षात आलं की मागचा चार नंबरचा झोन तर चालूच होत नाहीये. त्याच कंपनीच्या इरिगेशनवाल्याला (स्प्रिंकलरवाल्याला) बोलावलं, तो पंधरा मिनिटांत कोटेशन देऊन गेला, वायरिंग नवीन, तीन व्हॉल्व्ह नवीन, १,९०० डॉलर. त्या दिवशी कंपनी बंद केली. बंद करतानाही सोपं नव्हतं, फोनवर तीन वेळा "तुम्हाला डिस्काउंट देतो" ऐकावं लागलं, आणि सही करताना ऑटो-रिन्यूअल लिहिलेलं नवऱ्याने वाचलं नव्हतं (आता वाचतो).

शेजारच्या काकांनी आता येतो त्या माणसाचा नंबर दिला. याने पहिल्यांदा काय केलं तर त्याच्या ट्रकवरचा लायसन्स नंबर मला दाखवला. टेक्ससमध्ये स्प्रिंकलर बसवायला किंवा दुरुस्त करायला टीसीईक्यूचं (राज्याच्या पर्यावरण खात्याचं) इरिगेटर लायसन्स लागतं, आणि तो नंबर गाडीच्या दोन्ही बाजूला मोठ्या अक्षरांत असावा लागतो. स्वतःच्या घरचं स्वतः केलं तर चालतं, पण पैसे देऊन करून घेताय तर नंबर बघा. तणनाशक मारणाऱ्याचं लायसन्स वेगळं, ते ॲग्रिकल्चर डिपार्टमेंटचं. नुसतं गवत कापायला काहीच लागत नाही, म्हणूनच मोईंगवाला स्वस्तात "स्प्रिंकलर पण बघतो" म्हणाला की जरा थांबा.

मग त्याने गॅरेजमधल्या कंट्रोलरपाशी (स्प्रिंकलरचा टायमर) मल्टिमीटर लावला, एकेका झोनचा रेझिस्टन्स बघितला, बाकीचे सगळे ३० ओहमच्या आसपास आणि चार नंबरला रीडिंगच येईना, सर्किट तुटलेलं. म्हणजे एकतर वायर तुटली किंवा सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल) जळला. व्हॉल्व्ह बॉक्स उघडून तिथे परत मोजलं, सोलेनॉइड जळलेला. बदलला, झोन सुरू, मजुरी धरून १४० डॉलर. १,९०० कुठे आणि १४० कुठे.

आता पाण्याची मिनिटं, हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. आमच्या कंट्रोलरवर बिल्डरच्या लोकांनी नवीन सॉडसाठी रोज २० मिनिटं लावून ठेवलेली होती आणि आम्ही ती वर्षभर तशीच चालवली, बिल बघून रडायचो. याने समजावलं की साधी स्प्रे हेड्स तासाला साधारण दीड इंच पाणी टाकतात, आणि इथली जमीन म्हणजे काळी चिकण माती, ती एवढ्या पटकन पीतच नाही, वाहून रस्त्यावर जातं. सासऱ्यांनी तर ती माती बघताक्षणी ओळखली होती, आपल्या काळ्या रानासारखीच, उन्हाळ्यात भेगा पडणारी. म्हणून आता ५ मिनिटं, एक तास थांबून परत ५, परत ५, असं आठवड्यातून दोनदा, पहाटे ४ वाजता. ट्यूनाचे रिकामे डबे लॉनवर ठेवून किती भरतात ते बघितलं, दोन दिवसांचं मिळून पाऊण इंच होतं, बर्म्युडाला पुरतं. रोटर हेड्स (गोल फिरत पाणी देणारी) असतील तर ती बरीच सावकाश पाणी देतात, तिथे मिनिटं जास्त लागतात, माझे आकडे कॉपी करू नका. आणि तुमच्या शहराचे नियम बघा, डॅलस शहरात आठवड्यातून दोनदाच्या वर चालत नाही आणि १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर सकाळी १० ते संध्याकाळी ६ स्प्रिंकलर बंदच ठेवावे लागतात.

मिशिगनच्या वहिनी दर ऑक्टोबरला विचारतात, तुमचा ब्लोआउट झाला का. त्यांच्याकडे कॉम्प्रेसरने पाइपांतलं पाणी उडवून टाकावंच लागतं, जमीन खोलपर्यंत गोठते. आमच्याकडे सहसा गरज पडत नाही, पण जमिनीवर जो पितळी बॅकफ्लो (स्प्रिंकलरचं पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) असतो तो झाकायचा आणि कडाक्याची थंडी येणार असेल तर पाणी बंद करून रिकामा करायचा. २०२१च्या फेब्रुवारीतल्या गोठण्यात त्या शेजारच्या काकांचा फुटला होता. आणि डिसेंबरात लॉन तपकिरी झालं म्हणून घाबरून फोन करू नका, हरळी मरत नसते, झोपते. हरळीची मुळी ती.

औषध मारल्यावर पूर्ण वाळेपर्यंत मुलं आणि कुत्री आत ठेवायची, आणि लेबलवर जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा. कापलेलं गवत पिशवीत भरून नेऊ नका म्हणा, तिथेच पडू द्या, खत होतं. लव्हाळा दिसला तर उपटू नका, खालच्या गाठी राहतात आणि परत फुटतात, त्याचं औषधच वेगळं येतं.

एक गोष्ट मात्र मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितली, मागच्या कुंपणाच्या कोपऱ्यात तीन फूट बाय तीन फूट जागेवर काहीही मारायचं नाही, कापायचं पण नाही. का म्हणून विचारलं नाही, चार कोपऱ्यांना चार नारिंगी झेंडे लावले आणि मुलाला दाखवून ठेवलं. फवारलेल्या लॉनच्या दूर्वा मी गणपतीला वाहणार नाही, आणि दोन वर्षं २१ची जुडी त्याच कोपऱ्यातून निघतेय, मंडळातल्या चार घरांना पण पुरते. यंदा पावसाने एक झेंडा पडला तर त्याने स्वतःहून नवीन लावला.

तक्रारी? आहेत. एप्रिल-मेमध्ये फोन उचलतच नाही, टेक्स्ट करा, तेही उत्तर दोन दिवसांनी. कार्ड घेत नाही. एकदा एजिंग (लॉनच्या कडा कापणं) करताना ड्रिपची नळी कापली, पण सांगितलं आणि फुकट जोडून दिली. मोईंग त्याच्याकडे ५० डॉलर, कंपनीपेक्षा पाच जास्त. साडेचार स्टार देते, अर्धा त्या फोनचा कापला.