एलएल१ की एलएल२, फरक गुडघ्याचा

पॅरा स्नोबोर्ड म्हणजे दिव्यांग खेळाडूंनी एका फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरत जायचं. त्यात पाय अधू असलेल्यांचे दोन क्लास, म्हणजे गट, एसबी-एलएल१ अन् एसबी-एलएल२. नागपुरात बर्फ कुठला, पण फरक मला सीताबर्डीच्या जिन्यावर कळला, भावाचा पाय मांडीतून कापलाय, तो कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरतो अन् गुडघ्याखाली कापलेला त्याचा दोस्त सरसर खाली, कारण गुडघा त्याचा स्वतःचा आहे. बोर्डवरही तेच, उंचवटा आला की दणका गुडघ्यानंच झेलायचा. म्हणून मांडीतून पाय गेलेले साधारण एलएल१ मध्ये, गुडघ्याखालचे एलएल२ मध्ये. हे वेगळं पाहिजेच. २०२२ ला बीजिंगच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये बायकांची एलएल१ स्पर्धा ठेवलीच नाही, एलएल१ ची अमेरिकन खेळाडू ब्रेना हकबी कोर्टात जाऊन एलएल२ मध्ये उतरली, बँक्ड स्लॅलमचं, म्हणजे वळणावळणाच्या शर्यतीचं, गोल्डही जिंकली, तरी तिला तिचाच क्लास मिळायला हवा होता.