एक उंच केक कापायचा की तीन थर वेगळे भाजायचे?

तीन थरांचा केक करायचा म्हटलं की दोन वाटा असतात. खोल टिनमध्ये एकच उंच केक भाजून तो आडवा कापायचा, नाहीतर उथळ टिनांमध्ये बॅटर वाटून थर सुटे भाजायचे. मी बरीच वर्षं कापत आलो. हल्ली बहुतेक वेळा सुटे भाजतो.

कापण्याची बाजू लंगडी आहे असं अजिबात नाही. एकच टिन, एकच बटर पेपर, घासायलाही एकच. शिवाय कापलेला भाग साखरेचा पाक पटकन पितो. सुट्या भाजलेल्या थराला वरून-खालून पातळ साल येते आणि त्यावर पाक थोडा वेळ नुसता उभा राहतो. अंडी फेटून केलेला स्पंज असेल तर पुढचं बोलूच नका, सुटे थर पाळीपाळीने भाजायचे म्हणून ते बॅटर थांबवून ठेवलं की बसतं.

उंच केकवर घुमट येतो ही नेहमीची तक्रार. टिनच्या कडा आधी तापतात, तिथला केक लवकर घट्ट होतो आणि मधला भाग मात्र फुगत राहतो. पण यावर उपाय आहे. टिनभोवती ओल्या कापडाची पट्टी गुंडाळली आणि तापमान १८० ऐवजी १६० ठेवलं, तर वेळ जास्त लागतो पण घुमट बराच बसतो. माझं घोडं तिथे अडलं नाही.

अडलं ते सुरीपाशी. अलीकडून जिथे शिरते त्याच उंचीवर ती पलीकडून निघेल तर शपथ! केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून पाहिला, चहूबाजूंनी टूथपिक टोचल्या, फिरत्या स्टँडवर हळूहळू कापला, दोराही वापरला. तरी एका बाजूला दोन सेंटीमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम एक, असा थर निघायचाच. कापण्याआधी बाजूला उभी खूण करून थर पुन्हा त्याच खुणेवर जुळवले की तिरकेपणा झाकला जातो, हे खरं. एकदा ती खूण करायला विसरलो. जाड बाजूवर जाड बाजू आली आणि केक चक्क कलला. मी खालची बाजू क्रीमने भरून काढली. त्या बाजूचा तुकडा ज्यांना मिळाला त्यांनी क्रीमच खाल्लं म्हणायचं. माझा हातच वाकडा असेल कदाचित. सराईत माणसाला हा त्रास होत नसेलही.

सुट्या थरांत सुरीचं काम वजनकाटा करतो. रिकाम्या टिनचं वजन आधी घ्यायचं आणि १२०० ग्रॅम बॅटर असेल तर प्रत्येकात ४०० ओतायचं. डावेने अंदाजाने वाटू नका, मी ते करून पाहिलंय. आठ इंची टिनमध्ये थर वीस-पंचवीस मिनिटांत होतात आणि पातळ असल्याने फारसे फुगतही नाहीत. थोडा उंचवटा आलाच तर सगळ्यात वरचा थर पालथा घालतो, वर सपाट तळ येतो.

अडचण एकच, लहान ओव्हनची. तीन टिन एकदम मावत नाहीत आणि दोन जाळ्यांवर ठेवले तर वरचा-खालचा सारखा भाजला जात नाही. मग थर पाळीपाळीने भाजावे लागतात. बटर केकचं उरलेलं बॅटर तेवढा वेळ थांबतं, निदान माझं तरी थांबलंय. दही-सोड्याचं मात्र थांबवू नये. सोड्याचं काम दही पडल्याबरोबर सुरू होतं.

त्यामुळे स्पंज असेल किंवा दोनच थर हवे असतील तर खुशाल कापा. एक काप मलाही जमतो. तीन थर, तेही बटर केकचे, म्हणत असाल तर मी सुट्यांकडे झुकेन. त्यासाठी तीन टिन हवेतच असंही नाही. दोन असले तरी भागतं, पहिला थर निघाल्यावर टिन पूर्ण गार करून पुन्हा वापरायचा. फक्त दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच रंगाचे घ्या. माझ्याकडे एक काळा होता, त्यातला थर दर वेळी आधी लाल व्हायचा.