मुंबई दर्शन अधिक फिल्मसिटी, एका दिवसात

आईबाबा गावाहून आले होते म्हणून ही एका दिवसाची टूर बुक केली, सकाळी गेटवे, सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह आणि दुपारनंतर गोरेगावची फिल्मसिटी. गाइड पोरगा एकदम हुशार, गेटवेचं काम पूर्ण झालं १९२४ ला हे त्यानेच सांगितलं, मला इतकी वर्षं मुंबईत राहून माहीत नव्हतं. पण मरीन ड्राइव्हला गाडीतून उतरूच दिलं नाही राव, खिडकीतूनच बघा म्हणे! मग हायवेच्या ट्रॅफिकमध्ये एसी बंद पडला आणि बाबांची चिडचिड सुरू, ते सांगायलाच नको.

फिल्मसिटी मात्र मस्त. १९७७ पासूनची, बाजूलाच नॅशनल पार्क, त्यामुळे बिबट्या येतो का हा आईचा पहिला प्रश्न (येतो म्हणे). एका देवळाच्या सेटवर आईने सवयीने चप्पल काढली, हात जोडले, आणि मी खांबावर टकटक केलं तर आतून पोकळ, मागे जाऊन बघितलं तर नुसता प्लायवुड आणि बांबू. आई म्हणाली असू दे, नमस्कार पोचला. हिरोबिरो कोणी दिसत नाही, एका ठिकाणी शूटिंग चालू होतं तिथे मोबाइल खिशात ठेवायला लावले आणि लांबूनच पुढे नेलं.

गाइडला पाचपैकी पाच, गाडीला दोन. वयस्कर माणसं असतील तर एसीचं आधीच विचारून घ्या आणि पाण्याच्या बाटल्या स्वतःच्या न्या.