प्रोसेसर एक, तापमानं तीन: एचडब्ल्यूइन्फो, कोअर टेम्प आणि रायझन मास्टर

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर तापमान दाखवणारे दोन-तीन मॉनिटरिंग प्रोग्राम एकदम उघडले की आकड्यांत आठ-दहा अंशांची तफावत सहज दिसते. बहुतेक वेळा यातला कुठलाच आकडा खोटा नसतो, फक्त प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या जागेचं तापमान दाखवत असतो. कुठल्या जागेचं, हे जो स्पष्ट लिहितो तोच कामाचा. या कसोटीवर फुकट मिळणारा एचडब्ल्यूइन्फो बाकीच्यांच्या बराच पुढे आहे.

एचडब्ल्यूइन्फो सुरू करताना 'सेन्सर्स-ओन्ली' निवडा. रायझनच्या गटात तीन ओळी महत्त्वाच्या. 'टीसीटीएल/टीडाय' म्हणजे पंख्याचा वेग ठरवायला वापरला जाणारा, सर्वांत गरम जागेकडे झुकणारा आकडा. 'सीपीयू डाय अ‍ॅव्हरेज' ही सरासरी आणि 'सीसीडी१' हे कोअर असलेल्या पहिल्या चिपलेटचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या चिपच्या तुकड्याचं तापमान. रायझन ३००० मालिकेवर एएमडीचा स्वतःचा रायझन मास्टर कमी तापमान दाखवतो तो सरासरीमुळे. त्याची तुलना टीसीटीएलशी केली तर फरक पडणारच.

खाली मदरबोर्डचा वेगळा गट असतो, न्यूव्होटॉन किंवा आयटीई या कंपन्यांच्या, सेन्सर वाचणाऱ्या चिपचा. तिथेही 'सीपीयू' नावाची ओळ असते, पण ती अनेकदा सॉकेटजवळच्या सेन्सरची असते. लोड आल्यावर ती सावकाश चढते. एचडब्ल्यूमॉनिटर या दुसऱ्या प्रोग्राममध्ये याच चिपचे आकडे 'टीएमपीआयएन' अशा नावांनी येतात आणि कुठला कशाचा ते कळत नाही. एखादा १२७ अंशांवर अडकलेला दिसला तर घाबरू नका, त्या पिनला बहुधा सेन्सर जोडलेलाच नसतो. एचडब्ल्यूइन्फोत राइट-क्लिक करून ती ओळ लपवता येते, आणि ते करावंच, कारण ओळींची गर्दी ही या प्रोग्रामची खरी अडचण आहे.

जुन्या रायझनचं प्रकरण निराळं. १७००एक्स आणि १८००एक्सवर टीसीटीएल खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम २० अंश जास्त ठेवलेलं आहे, २७००एक्सवर १० आणि थ्रेडरिपर १९५०एक्सवर २७. एएमडीने २०१७च्या मार्चमध्ये पहिल्या रायझनबद्दल हा खुलासा केला. ही वजाबाकी न करणारी मॉनिटरिंग प्रोग्रामची जुनी आवृत्ती अजून वापरात असेल तर ती आधी काढा.

इंटेलवर कोअर टेम्प हलका आणि पुरेसा आहे. इंटेलचा सेन्सर तापमान देत नाही, टीजेमॅक्सपर्यंत, म्हणजे प्रोसेसरच्या कमाल तापमान-मर्यादेपर्यंत, किती अंश उरले ते देतो. टीजेमॅक्स १०० आणि उरलेले ३८, तर तापमान ६२. कोअर २ या जुन्या इंटेल प्रोसेसरांच्या काळात टीजेमॅक्स प्रोसेसरमधून वाचता येत नसे, प्रोग्राम अंदाज बांधत, म्हणून सरसकट ५ ते १५ अंशांचा फरक पडे. नेहालेम या त्यानंतरच्या पिढीपासून हा आकडा प्रोसेसरमधूनच मिळतो, त्यामुळे भांडण जवळजवळ मिटलं. तरी कोअर टेम्पमधली टीजेमॅक्सची ओळ इंटेलच्या माहितीपानाशी एकदा ताडून पाहा. हे सेन्सर मर्यादेजवळ अचूक असतात, थंड असताना नाही. आयडलच्या, म्हणजे काम नसतानाच्या, दोन-चार अंशांवर वाद घालू नये.

तुलना करायचीच तर प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी सिनेबेंच ही चाचणी १० मिनिटं चालवून आकडा स्थिरावल्यावर करा, आणि एका वेळी एकच प्रोग्राम उघडा. मदरबोर्डच्या चिपकडे दोघांनी एकदम विचारणा केली तर मध्येच अशक्य आकडे येतात. आरजीबीचे, म्हणजे रंगीत दिवे चालवणारे, काही प्रोग्राम या बाबतीत विशेष त्रास देतात. एचडब्ल्यूइन्फोचा पोलिंगचा, म्हणजे सेन्सरला पुन्हा विचारण्याचा, अवधी मूळचा २००० मिलिसेकंद आहे, तो घटवू नका. सतत विचारणा केली की झोपलेले कोअर जागे होतात, क्लॉक वाढतो आणि आयडल तापमानही चढतं. रायझन ३००० आणि पुढच्यांसाठी सेटिंग्जमधला 'स्नॅपशॉट सीपीयू पोलिंग' चालू करा.

आकडा जास्त की ठीक, हे प्रोसेसरच्या मर्यादेवरून ठरवा. ७९५०एक्स ९५ अंशांपर्यंत चालावा असाच बनवला आहे, ७८००एक्स३डीची मर्यादा ८९. एचडब्ल्यूइन्फोत 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (उष्णतेमुळे वेग कमी होण्याच्या) ओळींपुढे 'नो' असेल तर कूलरखालची पेस्ट बदलायची घाई नको. 'येस' आलं तर आधी कूलरचे स्क्रू तपासा.