भूगोल शिक्षकांचा ऑनलाइन कोर्स: नकाशांसाठी करा, बाकी बघा
चार आठवड्यांचा कोर्स केला. पहिला आठवडा नुसत्या स्लाइड्स वाचून दाखवल्या, झोपच यायची. पण नकाशांचा भाग आला आणि पैसे वसूल! मर्केटर नकाशात (जगाचा तो सपाट नकाशा, ज्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगलेले दिसतात) ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, खरं तर आफ्रिका जवळपास 14 पट मोठी, हे आपण तोंडी सांगतोच हो, पण इथे मॅडमनी ग्लोबवर ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलंड कापायला लावलं आणि तो तुकडा आफ्रिकेवर फिरवत बसवलं, मी लगेच वर्गात करून बघितलं तर मागच्या बाकावरची पोरंपण पुढे आली. मातीच्या डोंगराचे दोऱ्याने आडवे काप काढून समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), तेही मस्त. जीआयएसचं (कॉम्प्युटरवर नकाशे आणि माहिती जोडायचं तंत्र) सेशन मात्र नुसतं पळवलं, माझं लॉगिन होईपर्यंत संपलंपण. सर्टिफिकेट अजून नाही, दोनदा मेल केलाय.