विमान-अंतर मोजणारं अ‍ॅप : नऊ महिने वापरल्यावर

ऑफिसातल्या लोकांचे परदेश दौरे मी ठरवते. दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारं एक अ‍ॅप गेले नऊ महिने जवळजवळ रोज माझ्या हाताखाली आहे. अंतरावर माझा पूर्ण भरवसा बसलाय. वेळेवर अजिबात नाही.

हेलसिंकी ते टोकियो. अ‍ॅपनं अंतर दाखवलं साधारण ७,८०० किलोमीटर, वेळ साडेनऊ तास. त्या हिशेबानं मी एका सहकाऱ्याची टोकियोतली बैठक ठरवून टाकली. तिकीट काढायला बसले तेव्हा दिसलं, प्रवास तेरा तासांचा! बैठक पुढे ढकलावी लागली, आणि समोरच्यांची माफी मागताना मला फार वाईट वाटलं. घरी येऊन पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला. तो जवळजवळ सगळा रशियावरून गेला. फेब्रुवारी २०२२ नंतर युरोपीय कंपन्यांना ते आकाश बंद झालंय. विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालतात. अ‍ॅप मात्र तो दोराच मोजत बसतं.

दुसरी खोट वाऱ्याची. हे अ‍ॅप अंतराला एका ठरावीक वेगानं भागतं आणि वर अर्धा तास मिळवतं, त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा वेळ एकच. न्यूयॉर्क ते लंडन ५,५४० किलोमीटर, दोन्हीकडून सात तास. प्रत्यक्षात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा जोरदार वारा वाहतो. लंडनकडे जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर, म्हणून वेळापत्रकात परतीला तासभर तरी जास्त असतो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी एक बोइंग ७४७ वादळी वाऱ्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत उतरलं होतं!

अंतराचं गणित मात्र चोख आहे. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी, तरी तिला गोल धरल्यानं पडणारा फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. एकक तेवढं तपासा. माझ्याकडे सुरुवातीला नॉटिकल मैल लागलेले होते (१ म्हणजे १.८५२ किलोमीटर) आणि मी ते साधे मैल समजून दोन आठवडे आकडे देत होते. शहराचं नाव टाकू नका, कोडच टाका. टोकियोचे नारिता आणि हानेदा हे विमानतळ सरळ रेषेतसुद्धा साठेक किलोमीटर लांब आहेत.

कोणता मार्ग लांब, मध्ये थांबा लागेल का, एवढा पहिला अंदाज घ्यायला मी आजही हेच उघडते. उतरण्याची वेळ मात्र विमान कंपनीच्या वेळापत्रकावरूनच घेते. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा वेळही धरलेला असतो. पुढच्या अपडेटमध्ये जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दाखवला, तर मी पाचवा तारा लगेच देईन.