बोल्टचा केज की वेल्डचा?

माझी मारुती एस्टीम ड्रॅग रेसिंगला (सरळ रस्त्यावरच्या शर्यतीला) लावल्यापासून दोन्ही वापरून झाले. आधी दोन हंगाम नट-बोल्टचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसाला वाचवणारा पाइपांचा सांगाडा, आता वेल्ड केलेला. "४०२ मीटर सरळ तर जायचं, केज कशाला?" असं विचारणाऱ्यांसाठी हे नाही.

बोल्टच्या केजची बाजू लंगडी नाही. शनिवारी बसवा, रविवारी गाडी तयार. विकायची झाली तर सोडवून ठेवता येतो. एफआयएच्या (मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या) नियमांतही बसतो: केजच्या प्रत्येक पायाला किमान तीन एम-८ बोल्ट, पत्र्याला आधार म्हणून ३ मिमी जाड, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. पाइप दोन्हीकडे तोच.

माझं बिनसलं ते फोंड्याच्या पावसामुळे. गाडी शेडमध्ये असली तरी चवथीपर्यंत कार्पेटखाली ओल असतेच, आणि प्लेट-पत्र्याच्या फटीत ती मुरते. पाना लावला की मागचा डावा बोल्ट दरवेळी थोडा फिरायचाच. क्लच सोडला की 'कट्' असा आवाज. ड्राइव्ह शाफ्ट असेल म्हणून मी तोही उतरवून बघितला! शेवटी मेस्त्रीने कार्पेट उचलून स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो आरपार गेला. "पात्रांव, पत्रो कुसला." म्हणजे पत्रा सडलाय.

वेल्डचा व्यापही कमी नाही. आतलं सगळं उपसायचं, काचा झाकायच्या, बॅटरी आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढायचे. छपराला लागून सांधा चारी बाजूंनी वेल्ड करायला वेल्डिंगचा टॉर्च शिरतच नाही. म्हणून फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज खाली उतरवला, वरचे सांधे मारले, परत उचलून खाली प्लेटा लावल्या. बार्जच्या यार्डात आयुष्य गेलेला वेल्डर मिळाला म्हणून जमलं. नवशिक्याच्या हाती देण्यापेक्षा बोल्टचा बरा. गंज इथेही येईल, पण शिवणीवर सीलर फिरवलाय, फट उरलेली नाही.

रन संपून ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, ते आता जवळजवळ गेलं. त्याच वेळी सस्पेन्शनचे रबरी बुशही बदलले होते, त्यामुळे सगळं श्रेय केजला देत नाही. 'कट्' मात्र पुन्हा ऐकू आला नाही.

कुठलाही लावा, डोक्याजवळच्या पाइपला पॅडिंग हवंच. हेल्मेटशिवाय त्या गाडीतून बाजारात जाऊ नका; साध्या धडकेतही डोकं पाइपवर आपटतं.

माझा जुना केज माळ्यावर पडून आहे. रोजची गाडी वर्षातून एकदाच पळवणार असाल तर घेऊन जा. बोल्ट तेवढे नवे आणा, आणि आधी कार्पेट उचलून बघा.